ड वर्गातली नोंद

रत्नागिरीत गंगाराम मोहित्यांना, म्हणजे अण्णांना, ‘तुम्ही कोण’ असं विचारणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. तेहेतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. निम्म्या गावाने कधी ना कधी त्यांच्याकडे आजोबा-पणजोबांचा एखादा कागद मागितलेला. त्यामुळे एका मंगळवारी सकाळी चहा घेता घेता त्यांच्या स्वतःच्या संगणकाने ‘आधी साइन-इन करा’ असं बजावलं, तेव्हा अण्णांना आधी हसूच आलं. त्यांनी सांगितलेल्या जागी क्लिक केलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला, बराच वेळ फिरला आणि ‘काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा’ असं म्हणून थांबला. अण्णांनी चहा संपवून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

“शेवंते, हा मला वळखत नाय,” त्यांनी आत बायकोला हाक दिली.

“त्याला चष्मा लागला असंल. तुमचा पुसून द्या,” शेवंताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

पाचव्यांदा गोल फिरून थांबला तेव्हा मात्र अण्णांचं हसू मावळलं. कारण त्या साइन-इनच्या पलीकडे एक वही होती. संगणकातली वही, आणि तिच्यात त्रेचाळीस नावं होती. ती नावं जगात दुसरीकडे कुठेही लिहिलेली नव्हती, आणि याला जबाबदार खुद्द अण्णाच होते.

ते कसं, हे सांगायचं तर अण्णांचा स्वभाव सांगावा लागेल.

कचेरीतल्या जुन्या कागदांची चार वर्गांत वाटणी होते. अ म्हणजे कायम ठेवायचा, ब म्हणजे तीस वर्षं, क म्हणजे त्याहून कमी, आणि ड म्हणजे काम झालं की वर्षाच्या आत बाद. ही वाटणी अण्णांच्या रक्तात इतकी भिनलेली होती, की घरातल्या वस्तूही तिच्यातून सुटायच्या नाहीत. लग्नपत्रिका ड. औषधाच्या चिठ्ठ्या क. शेवंताबाईंचं माहेरहून आलेलं पितळी तपेलं ब, त्यावरून चार दिवस अबोला. आणि बाद केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद एका लांबट वहीत: अनुक्रमांक, नाव, वर्ग, स्थिती, शेरा, तारीख. सबंध नोकरीत एकही कागद चुकून नष्ट झाला नाही, हा त्यांचा अभिमान होता. तो ते सांगायचे नाहीत, पण समोरच्याने विचारावं अशी व्यवस्था करायचे.

निवृत्तीनंतर रिकामा बसेल तो माणूस वेगळा. अण्णांनी आपल्या वाडीचं काम हातात घेतलं. छप्पन्न साल सरता सरता, भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात, वाडीतल्या माणसांनी पांढरी कापडं नेसून धम्म घेतला होता. त्या दिवशी उभं राहिलेल्यांची नावं विहारात दगडावर कोरायची असं गावकरी आणि मुंबईकर मंडळाने ठरवलं. पण नावं सांगणार कोण? उभी राहिलेली सगळी गेली. एक उरली, अण्णांची धाकटी काकी, यमुनाबाई. तेव्हा ती सतरा वर्षांची, नवी नवरी. अण्णा दोन वर्षं एसटीने वाडीवर जात राहिले. काकी आंबोशी वाळवता वाळवता, कधी तांदूळ निवडता निवडता एकेक नाव सांगायची: कुणाचा कोण, कुठल्या घरातला, पुढे त्याचं काय झालं. अण्णा कागदावर लिहून आणायचे आणि घरी येऊन संगणकात टाकायचे.

एकच गोष्ट जमत नव्हती. काकी म्हणायची, “चव्वेचाळीस व्हतो आमी.” नावं मात्र त्रेचाळीसच भरायची. अण्णांनी उलटसुलट विचारून पाहिलं. काकी प्रत्येक वेळी तीच त्रेचाळीस सांगायची आणि प्रत्येक वेळी चव्वेचाळीसच म्हणायची. अण्णांनी चव्वेचाळिसावी ओळ कोरी ठेवली आणि समोर ‘नाव उपलब्ध नाही’ असा शेरा मारला.

मग पक्की प्रत झाली म्हणून त्यांनी कच्चे कागद ड वर्गात टाकले. नोंद केली आणि शेवंताबाईंच्या पाणी तापवायच्या चुलीत घातले. नियम म्हणजे नियम. आणि मागच्या हिवाळ्यात काकी घसरून पडली, तेव्हापासून तिचं बोलणं तुटत गेलं. आता ती माणसं ओळखत नाही असं घरचे सांगत होते.

म्हणजे नावं राहिली ती त्या संगणकातल्या वहीत, आणि वही उघडत नव्हती. येत्या रविवारी मंडळाला यादी द्यायची होती.

त्यांनी मुंबईला सम्यकला फोन लावला. सम्यक म्हणजे त्यांचा मुलगा. संगणक त्यानेच आणून दिलेला, इंटरनेटवर ठेवलेली ती वहीही त्यानेच लावून दिलेली.

“बाबा, तुम्ही काही बदललंत का त्यात?”

“बदललं नाही. मंद चालत होता म्हणून बिनकामाच्या सर्व्हिस बंद केल्या. मोबाइलवर एक जण सांगत होता, पाठीमागे पन्नास गोष्टी उगाच चालतात म्हणून.”

“त्याने किती सांगितल्या बंद करायला?”

“पाच.”

“आणि तुम्ही किती केल्यात?”

“एकतीस. यादी आहे माझ्याकडे.”

सम्यकने तो आकडा पुन्हा दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सम्यकने मग वही दुसऱ्या संगणकावरून उघडायचा मार्ग सांगितला. पण तिथे पासवर्ड हवा होता. पासवर्ड अण्णांनी जन्मात कधी टाकला नव्हता, सम्यकला आठवत नव्हता, आणि नवीन मागवावा तर तो येणार होता सम्यकच्या दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या नंबरवर. हे सगळं ऐकताना अण्णांची मती गुंग झाली. माणूस आहे, घर आहे, संगणक आहे, वहीसुद्धा आहे म्हणतात. मग अडलंय कुठे? रेकॉर्ड रूममध्ये कागद सापडला नाही तर निदान कुठे सापडत नाही ते तरी कळायचं.

“दीप्तीताईंकडे न्या,” सम्यक म्हणाला. “आणि तोवर कशालाही हात लावू नका. कशालाही.”

दीप्ती तांबेचा मारुती मंदिराजवळ संगणकाचा क्लास होता. त्याच खोलीत पूर्वी तिच्या वडिलांची टायपिंगची मशिनं खडखडायची, आणि अण्णा मराठी टायपिंगची परीक्षा तिथूनच पास झालेले. बुधवारी सकाळी अण्णा रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्या मांडीवर संगणकाचा खोका लाल कापडात बांधलेला होता. ते कापड रेकॉर्ड रूममध्ये कागदांचे गठ्ठे बांधायच्या रुमालासारखं होतं आणि गाठही तिथलीच. दीप्तीला ती गाठ सोडवता येईना. अण्णांनी एका बोटाने सोडवली.

दीप्तीने संगणक चालू केला, वही उघडून पाहिली, गोल फिरताना पाहिला. मग म्हणाली, “यादी आणलीय म्हणालात. काढा.”

अण्णांनी पिशवीतून लांबट वही काढली. दीप्तीने क्लासमधला दुसरा एक संगणक शेजारी लावला. “याला कुणी छेडलेलं नाही,” ती म्हणाली. “याच्यात जशी मांडणी आहे तशी मूळची असते. तुम्ही एकेक नंबर वाचा, मी याच्यात बघून तुमच्यात परत लावते.”

तिने दोन्हीकडे सर्व्हिसेसची यादी उघडली. अण्णा चष्मा सावरून कचेरीतल्या आवाजात वाचायला लागले. पहिल्या अठरा नोंदींत दीप्ती दोनदा हसली, एकदा कपाळाला हात लावला. प्रिंटरची सेवा अण्णांनी ‘प्रिंटर नाही, सबब बाद’ म्हणून काढली होती, ते तिला पटलंसुद्धा.

“एकोणीस,” अण्णा म्हणाले. “अकाउंट साइन-इन असिस्टंट. वर्ग ड. स्थिती बंद. शेरा, असिस्टंट असून काम करताना दिसत नाही, बाद.”

दीप्तीचा हात थांबला. “हीच ती.”

“ही?” अण्णांनी वहीतली ओळ बोटाने पुन्हा तपासली. “ही कशी असेल? ही तर बंदच होती. बाकीच्यांसमोर ‘रनिंग’ लिहिलेलं होतं, हिच्यासमोर कोरं. चालू असलेली बंद केली असती तर समजू शकलो असतो. बंद होती ती बंद केल्याने काय बिघडणार?”

“बंद नव्हती, अण्णा. बसून होती.”

“म्हणजे काय?”

दीप्तीने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “तिला दिवसभर धावत राहायचं काही कारण नाही. तुम्ही वही उघडलीत की वही तिला हाक मारते, हा माणूस कोण ते सांग म्हणून. ती उठते, तुमची ओळख पटवते आणि परत गप्प बसते. तुम्ही बघितलंत तेव्हा तिला कुणी हाक मारलेली नव्हती, एवढंच. आणि तुम्ही काय केलंत, तर तिला उठायलाच मनाई केलीत. ‘डिसेबल्ड’ म्हणजे हाक मारली तरी उठायचं नाही.”

इतकी वर्षं अण्णांनी चालू आणि बंद एवढे दोनच रकाने असलेली दुनिया सांभाळली होती. ही तिसरी अवस्था कुठे लिहायची?

“मग आता तिला ऑटोमॅटिक करून टाक,” ते म्हणाले. “कायम उभीच राहू दे. परत भानगड नको.”

“नको. हे बघा.” तिने शेजारच्या पडद्यावर बोट ठेवलं. तिथे त्याच नावापुढे ‘मॅन्युअल’ होतं. “मूळची जागा ही. आपण मूळ होतं तिथे न्यायचं. आणखी सुधारायला गेलं की आणखी एक गोंधळ होतो.”

हे मात्र अण्णांना पटलं. काढलेला कागद काढला त्याच रुमालात परत गेला पाहिजे, शेजारच्या रुमालात रिकामी जागा दिसली म्हणून तिथे नाही, हे त्यांनी कितीतरी नव्या कारकुनांना शिकवलं होतं.

“पण मॅन्युअल, तर मला रोज हाताने चालू करावी लागणार का?”

“नाही. वही करेल.”

“वहीला कसं कळणार?”

“अण्णा, समजलं नाही तरी चालेल.”

“समजलं नाहीच,” अण्णा म्हणाले. हे वाक्य ते उभ्या आयुष्यात दुसऱ्यांदा म्हणत होते. पहिल्यांदा मोठ्या साहेबांना म्हणाले होते, आणि तेव्हा समजून घ्यायचं नव्हतं म्हणून.

दीप्तीने एकोणिसावी नोंद मूळपदावर नेली, उरलेल्या बारा नेल्या आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला. वहीवर क्लिक केलं. गोल फिरायला लागला. अण्णांना चुलीतली राख आठवली, शेवंताबाईंनी घंगाळात ओतलेलं ते कढत पाणी आठवलं. त्या पाण्याने त्यांनी स्वतः अंघोळ केली होती. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली, जशी नोकरीत कधी वाटली नव्हती. गोल फिरतच होता.

मग तो थांबला, आणि पडद्यावर ओळी उमटल्या. एक, रघू बाबाजी. दोन, काशी रघू. तीन, धोंडू सखाराम. खाली त्रेचाळीसपर्यंत सगळी, आणि शेवटी ती कोरी ओळ.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. “छापून दे,” ते म्हणाले. “तीन प्रती. वर्ग अ.”

“कागदावर ठेवा हो एक प्रत नेहमी,” दीप्ती म्हणाली.

तेहेतीस वर्षं हेच आपण लोकांना सांगत होतो, हे अण्णांनी तिला सांगितलं नाही.

यादी हातात आली होती, रविवारला अजून वेळ होता. तरी गुरुवारी सकाळी अण्णा वाडीकडे जाणाऱ्या जाकादेवीच्या एसटीत बसले. कशाला जातोय हे त्यांना नीटसं सांगता आलं नसतं. शेवंताबाईंनी विचारलं तेव्हा “काकीला वाचून दाखवतो” म्हणाले. “ती तुम्हाला वळखत नाय,” शेवंताबाईंनी आठवण दिली. “मीच कुठं म्हणतोय वळखील,” अण्णा म्हणाले, आणि डब्यात दिलेली लाल तांदळाची घावनं घेऊन निघाले.

वाडीवर काकी पडवीत चटईवर भिंतीला टेकून बसलेली होती. तिची नातसून समीक्षा अंगणात वाळत घातलेली कोकमं परतत होती. अण्णांना बघून उठली आणि हळूच म्हणाली, “अण्णा, काय उपेग नाय. चार दिवस झाले, बोलनाच बंद हाय. आज सकाळपासून नुसती बघत बसलीय.”

अण्णा काकीच्या समोर जमिनीवर बसले. काकीने त्यांच्याकडे पाहिलं, पण रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं.

“काकी, मी गंगाराम. सुंदराबायचा.”

बऱ्याच वेळाने काकीचे ओठ हलले. “सुंदरा भात कांडायला गेलीय,” ती म्हणाली. “तू कुनाचा रं?”

सुंदराबाई, अण्णांची आई, जाऊन एकवीस वर्षं झाली होती. मी तुझ्या त्या सुंदराचाच, असं पुन्हा सांगावं, तर काकी पुन्हा तेच विचारणार. सांगू नये, तर आपण इथे कोण म्हणून बसलोय? परवा संगणकाने हेच विचारलं तेव्हा हसू तरी आलं होतं.

त्यांनी दुसरं काही न सुचून पिशवीतली यादी काढली आणि वाचायला लागले. कचेरीतल्या आवाजात नाही, साध्या आवाजात.

“रघू बाबाजी.”

काकी गप्प.

“काशी रघू.”

काकी गप्पच. समीक्षा पुन्हा कोकमांकडे वळली.

“धोंडू सखाराम.”

“आला,” काकी म्हणाली.

अण्णांनी मान वर केली. काकी त्यांच्याकडे बघत नव्हती. अंगणापलीकडे मळ्याच्या दिशेने बघत होती.

“भागीर्थी धोंडू,” अण्णांनी वाचलं.

“आली.”

“तानू गोविंद.”

“तो पायान लंगडा,” काकी म्हणाली. “भावान खांद्यावर घेऊन आनलान. खाली उतर म्हनला तरी उतरंना. आला.”

हे अण्णांच्या यादीत नव्हतं. दोन वर्षांत काकी हे बोलली नव्हती. त्यांनी लिहायला पेन काढलं, पण लिहिलं नाही, थांबलं तर तिचंही थांबेल म्हणून वाचत गेले. दहा, पंधरा, वीस. काकी प्रत्येकाला आला, आली म्हणत होती. काही नावांना नुसती मान हलवत होती. समीक्षा हातातली कोकमं तशीच घेऊन पडवीच्या पायरीवर येऊन बसली.

सव्वीस नंबरला काकीचं स्वतःचं नाव होतं. “यमुना विठू,” अण्णांनी वाचलं.

“मी आले व्हते ना,” काकी म्हणाली. “पांढरा लुगडा नव्हता. सुंदरान तिचा दिलान.”

अण्णा पुढे गेले. शेवटची पाच नावं त्यांच्या स्वतःच्या घरातली होती. आजोबा. आजी. थोरले चुलते. वडील.

“सुंदरा तुकाराम.”

“आली,” काकी म्हणाली. आणि मग तिने मळ्यावरची नजर काढली आणि अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. “आनि तू.”

“मी काय, काकी?”

“तू पोटात व्हतास. सातवा सरत आला व्हता. समद्यांनी सांगितला, सुंदरा तू बस खाली, ऊन हाय. तर बसली नाय. म्हनली, मी एकली असते तर बसले असते. आमी दोगं हाव, दोगं हुभी ऱ्हानार.” काकीने श्वास घेतला. “चव्वेचाळीस. मी सांगत व्हते ना तुला.”

अण्णांच्या हातातला कागद मांडीवर पडला. दोन वर्षं विचारलं होतं. उलटसुलट विचारलं होतं.

“मग नाव का नाय सांगितलास काकी, इतके दिवस?”

“तू नावा इचारत व्हतास,” काकी म्हणाली. “पोटातल्या पोराला नाव असता काय?”

समीक्षा तोंडाला पदर लावून रडत होती. अण्णांनी कागद उचलला, गुडघ्यावर सरळ केला. शेवटच्या कोऱ्या ओळीवर पेन टेकवलं, ‘नाव उपलब्ध नाही’ हा शेरा खोडला आणि तसेच अडून राहिले. नोंद त्या दिवसाची होती, आणि त्या दिवशी तर नाव नव्हतं. असली नोंद त्यांच्यासमोर कधी आली नव्हती, काय लिहायचं ते त्यांना खरंच कळेना.

“काय लिहू काकी?” त्यांनी विचारलं. “तेव्हा तर मला नाव नव्हतं.”

“आता हाय ना,” काकी म्हणाली. “गंगाराम लिव.”